नाखवांच्या मांडीवरचा नांगर

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणालाही ब्रेकची गरज पडली नव्हती, कारण होडीला ब्रेक नसतो.

होडी थांबवायची तर शीड उतरवायचं, वल्हं आडवं धरायचं, आणि अगदीच नड आली तर नांगर टाकायचा. वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमच्या कैक पिढ्यांनी एवढ्यावर संसार केले. असल्या घरात मी एकोणीसशे साठच्या दशकात एक मोटारसायकल आणली. ती लष्कराच्या भंगारातून निघालेली, लढाईच्या काळातली विलायती गाडी होती. मी अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. तिथे जायला सायकल पुरली असती. पण चार मित्र म्हणाले, "हरी, झकास दिसशील यार!" आणि मी घेऊन बसलो. (त्या चौघांपैकी एकही नंतर माझ्या मागच्या सीटवर बसला नाही.)

माझे वडील, म्हणजे बा, होडीचे तांडेल. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर टिचकी मारून पाहिली आणि तिला होडी समजूनच घरात घेतलं. नारळ फुटला, झेंडूची माळ चढली, हँडलला लाल फडक्याची पताका लागली आणि टाकीवर पांढऱ्या रंगात 'एकवीरा प्रसाद' असं नाव आलं. नारळी पुनवेला होड्यांच्या रांगेत तिचीही पूजा झाली. आईने तर ओवाळून झाल्यावर मला विचारलंच, "हिला पान्यात कवा सोरनार?"

मी त्या गाडीला मनापासून घाबरायचो. तिचं वजन बैलाएवढं आणि ब्रेक नावापुरते. पुढे एक ड्रम, मागे एक ड्रम. ब्रेक दाबला की आत दोन अर्धगोल शू पसरतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं, असा त्यामागचा विचार. आमच्या गाडीचे शू पसरायचे, घासायचे, किंचाळायचे, पण चाक काही मनावर घ्यायचं नाही. कारखान्याच्या फाटकाशी थांबायचं असलं तर मी आधीच्या चौकापासून ब्रेक दाबत यायचो. वॉचमन लांबूनच ती किंकाळी ऐकून फाटक सताड उघडायचा आणि बाजूला होऊन भिंतीला चिकटायचा.

तरीही मी गाडी विकली नाही, कारण मधे चंद्रा आली.

मुलुंडच्या कोळीवाड्यात एका मित्राच्या हळदीला गेलो होतो. मांडवाच्या दारात गाडी लावत होतो, तेवढ्यात एक मुलगी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"तुजी गारी थांबते कशी?"

"ब्रेक मारला की थांबते."

"मंग मगाशी मांडवाचा खांब कनाला धरलास?"

मी त्याच क्षणी ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. घरच्यांनी बोलणी लावली. चंद्राला मी पसंत होतो. (असं तिच्या मावशीने सांगितलं. ती स्वतः म्हणाली, "बगू.") अडचण होती तिच्या वडिलांची. काशिनाथ नाखवा म्हणजे दोन होड्यांचे मालक, गलमिशावाले, आणि बोलणं इतकं कमी की ते नुसते खोकले तरी माणसं वळून बघायची. त्यांनी निरोप धाडला, तो असा: "मना वेसाव्याच्या लोहाराकडून नवा नांगर आनायचाय. नांगर बघून कंडक्टर बशीत घेत नाय. आयतवारी पोऱ्याने मना आनि नांगराला गारीवर घालून मुलुंडला आनावं. धर पोचलो तर पोर देतंय."

निरोप ऐकून आईने देवीला नवस बोलून टाकला. मी मात्र रस्ता मोजायला बसलो. वेसावे ते मुलुंड म्हणजे अंधेरीचं फाटक, मरोळ, साकी नाका आणि मग पवई. आणि पवईनंतर उतार! तो उतार मला रात्री स्वप्नात दिसायला लागला. स्वप्नात मी एकटाच खाली पोचायचो.

तेव्हा ब्रेक सुधारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अंधेरीला एक मेकॅनिक ओळखीचा होता, त्याला गाठलं. तो म्हणाला, "अरे, शूवरचे लायनर घासून घासून काचेसारखे झाले असणार. चाक उतरव, पॉलिश पेपरने ते खरखरीत कर. ड्रम आतून पूस. मग बाहेरचा नट आवळत जा. चाक अडायला लागलं की थोडा ढिला कर. बस. फक्त आत काही ओलं जाऊ देऊ नकोस."

"पाणी?"

"काहीच."

मी ओट्यावर बसून दोन्ही चाकं उतरवली. ड्रम उघडला तर शूच्या दोन स्प्रिंगा जी उसळी घेऊन उडाल्या, त्या थेट आईच्या वाळत घातलेल्या बोंबलांत. बारा हातांच्या वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, लटकलेल्या बोंबलांतून त्या शोधायला शेजारच्या तीन बायका आल्या. एक स्प्रिंग मिळाली. दुसरी संध्याकाळी मांजराने आणून दिली. लायनर घासले, ड्रम पुसला, नट आवळला. नट फिरवण्यासाठी ड्रमच्या पाठीवर एक भोक होतं, त्यावर रबराचं बूच होतं. ते बूच मात्र हरवलं ते हरवलंच. म्हटलं, एवढ्याशा भोकाने काय होतंय!

काम इतकं नामी झालं की मीच हादरलो. गल्लीत चक्कर मारली, पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी तेवढा पुढे गेलो. शेजारचे रामा काका जाळं विणत बसले होते, त्यांच्या जाळ्यात जाऊन पडलो. "मावरा मोठा हाय, पन कामाचा नाय," असं म्हणून त्यांनी मला सोडवलं.

किंकाळी मात्र गेली नव्हती. उलट ब्रेक लागू लागल्यापासून ती वाढलीच. ब्रेक दाबला की कोंबड्या छपरावर चढायच्या आणि पाळण्यातली पोरं उठायची. बा दारात बसून ऐकत होते. त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"हरी, गारी रडतेय."

"बा, ब्रेकचा आवाज आहे तो."

"सुकलेय ती. आंगाला तेल नाय तिच्या."

मी हसलो आणि जेवायला गेलो. आमच्यात मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल काढून ठेवतात. ते होडीच्या लाकडाला पाजायचं, म्हणजे लाकूड फाटत नाही आणि कुरकुरत नाही. बांच्या हयातीत जे जे कुरकुरलं, मग ते वल्हं असो, दार असो की आजीचा गुडघा, त्याला मुशीचं तेल लागलेलं होतं. हे मला माहीत होतं. तरीही रविवारी सकाळी बा माझ्या गाडीपाशी उकिडवे बसलेले दिसले, हातात तेलाचा डबा दिसला, आणि मी समजलो की ते होडीवर निघालेत!

गाडी अंगणातून ढकलत काढली. ब्रेक दाबून पाहिला. थांबली. आणि आवाज? चिटपाखरूसुद्धा उडालं नाही! मी छाती फुगवून आईला म्हटलं, "बघ, लायनर बसले. काम म्हणजे काम!" बा नुसते समाधानाने मिशीत हसले.

काशिनाथ नाखवा आले. लोहाराने नांगरही आणून दिला. चार दातांचा, काळाकुळकुळीत, नवाकोरा. दोराचं एक टोक नांगराच्या कडीला, दुसरं त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीच्या कॅरियरला बांधलं, "परला तर हरवाला नको" म्हणून. मग मागे बसले आणि नांगर नातवाला घ्यावा तसा मांडीवर घेतला. त्याचे दोन दात माझ्या पाठीला टेकले. बरोबर बरगड्यांच्या मधे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ब्रेक फार चांगले करून ठेवलेत. मी जोरात ब्रेक मारला तर गाडी जागेवर थांबणार, नाखवा पुढे येणार, आणि नांगर माझ्यातून आरपार! चंद्राशी लग्न व्हायचं असेल तर तिच्या बापाला धड पोचवायला हवं आणि स्वतःही जिवंत उरायला हवं. म्हणून सात बंगल्यापर्यंत मी ब्रेकला हातच लावला नाही. समोर म्हशी आल्या, वळसा घातला. बस आली, पायवाटेवर उतरलो. नाखवा मागून म्हणाले, "सुकानू बरा धरतोस."

अंधेरीचं फाटक बंद होतं. आता थांबणं भाग होतं. मी देवीचं नाव घेऊन, पाठ आत ओढून, ब्रेक अगदी हळू दाबला. काही झालं नाही. अजून दाबला. काही नाही. मागचा दाबला. त्याचंही तेच. शेवटी दोन्ही पाय जमिनीला लावून, चपला घासत, फाटकाच्या दांड्याला छाती टेकवून मी थांबलो. डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

"अशी थांबवतात काय?" नाखवांनी विचारलं.

"गर्दीत अशीच थांबवतात," मी म्हटलं.

आता माझ्या भीतीने बाजू बदलली. मगाशी ब्रेक लागेल म्हणून घाबरत होतो, आता लागणार नाही म्हणून. परत फिरावं तर लग्न गेलं. पुढे जावं तर जीव गेला. मी मनाशी म्हटलं, लायनर नवे घासलेत, गरम झाले की लागतील. म्हणून मरोळपर्यंत दोन्ही ब्रेक दाबून धरूनच गाडी चालवली.

गरम झाले. आणि वास सुटला.

नाखवांनी नाक वर केलं. "कोन मुशी तलतंय?"

मीही हुंगलं. खमंग वास होता, तळणीचा. रस्त्याला घर नव्हतं, खानावळ नव्हती, चूल नव्हती. मी मान वाकवून खाली पाहिलं. पुढच्या ड्रममधून निळसर धूर निघत होता आणि त्या बूच नसलेल्या भोकातून एक तेलाचा ओघळ चाकावर आला होता. त्या क्षणी मला सगळं दिसलं. तो डबा दिसला, बांचं मिशीतलं हसू दिसलं. आणि बांचा स्वभावही मला ठाऊक होता. पुढच्या चाकाला तेल पाजल्यावर मागच्याला उपाशी ठेवणारे ते नव्हेत!

"नाखवा," मी म्हटलं, "आपण जरा उतरून चालूया का?"

"कनाला? मजा येतेय."

साकी नाक्याला पहिला कुत्रा लागला. त्याने रस्त्याच्या कडेला झोपल्या झोपल्या नाक हलवलं, उठला आणि मागे धावू लागला. मग दुसरा. मग कुठून कुठून आले देव जाणे, पवईच्या तलावापर्यंत आमच्या मागे कुत्र्यांची वरात होती. नाखवा वळून वळून त्यांना हाकलत होते, आणि ते वळले की नांगराचे दात माझ्या पाठीवर इकडून तिकडे फिरत होते. एका कुत्र्याने त्यांच्या धोतराचा सोगा पकडला.

"पोऱ्या, पलव गारी!"

मी पळवली. दुसरं करणार काय? मागे कुत्रे, पाठीत नांगर, आणि सासरेबुवांचं धोतर पणाला लागलेलं. मी गाडीचा कान, म्हणजे अॅक्सिलरेटर, पिळला तो पुरता पिळला. कुत्रे मागे पडले. नाखवा खूश होऊन ओरडले, "शाब्बास!" आणि मी समोर पाहिलं, तर रस्ता संपलेला. म्हणजे संपला नव्हता, खाली गेला होता.

पवईचा उतार!

मी गिअर खाली टाकायला गेलो, तो न्यूट्रलमध्ये जाऊन बसला आणि तिथून हलेना. दोन्ही ब्रेक शेवटपर्यंत दाबले. आतून चुर्रर्र आवाज आला, फोडणीचा. बाकी काही नाही. पताका फडफडू लागली. झेंडूची वाळकी माळ तुटून नाखवांच्या गळ्यात गेली. मी डोळे मिटले, मग जास्त भीती वाटली म्हणून उघडले.

"नाखवा! ब्रेक नाय!"

"काय नाय?"

"गारी थांबत नाय!"

मग त्या माणसाने तीस-चाळीस वर्षं समुद्रात जो आवाज चालवला असेल, तो माझ्या कानात काढला.

"नांगर टाकू?"

"नको! नाखवा, नको! हा डांबरी रस्ता आहे!"

"नांगर टाकला रेऽऽ!"

पाठीवरचे दात निघाले. त्याही अवस्थेत मला बरं वाटलं, हे इथे नमूद केलं पाहिजे. मागे खण्ण करून आवाज झाला, मग खण्ण खण्ण खण्ण. नांगर डांबरावर ठिणग्या पाडत आमच्यामागून उड्या मारत येत होता. त्याने पहिल्यांदा चहावाल्याचं बाकडं धरलं. बाकड्यावरची दोन माणसं ग्लासांसकट वेळेवर उभी राहिली. (मी हे आरशात पाहिलं. आजही त्यांचे चेहरे मला ओळखता येतील.) बाकडं मोडलं, पण गाडी दबकली. पुढे वळणावर म्हशींचा तबेला होता, त्याला बांबूचं कुंपण. नांगराने ते कुंपण पकडलं, आणि या खेपेला सोडलं नाही.

दोर ताणला. कुंपण कोपऱ्यापासून उलगडत आमच्यामागे येऊ लागलं. गाडी आडवी वळली, तबेल्यात घुसली, आणि शेणाच्या ढिगाऱ्यात टाकीपर्यंत जाऊन थांबली. 'एकवीरा' बुडाली, 'प्रसाद' तेवढा वर राहिला. म्हशी मोकळ्या कुंपणातून शांतपणे रस्त्यावर निघून गेल्या.

तबेल्याचा मालक बादली घेऊन धावत आला. त्याने मला पाहिलं, गाडी पाहिली, मग दोर धरत धरत मागे गेला आणि नांगरापाशी उभा राहिला.

"अरे भाई," तो म्हणाला, "इधर समंदर किधर है?"

काशिनाथ नाखवा ढिगाऱ्यात कमरेपर्यंत रुतून बसले होते. गळ्यात झेंडूची माळ होती. त्यांनी स्वतःचे हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले, मग नांगराकडे बघून म्हणाले, "लोहाराने काम बरा केलाय."

मला उतरायचं होतं, पण माझी बोटं हँडलवरून सुटेनात. मी त्यांना सांगत होतो, ती ऐकत नव्हती. शेवटी तबेल्याच्या मालकाने एकेक बोट उचलून मोकळं केलं. पहिलं सोडवून तिसऱ्याकडे गेला की पहिलं पुन्हा हँडल धरायचं. मग त्याने थोडं लोणी आणलं.

म्हशी गोळा करून, कुंपण उभं करून, गाडी ढकलत आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटभर नाखवा खोकलेसुद्धा नाहीत. मी एका चपलेवर चालत होतो आणि मनात चंद्राला कायमचा निरोप देत होतो. खरं सांगतो, उतारावर रडलो नव्हतो, तिथे डोळ्यांत पाणी आलं. लग्न माझ्या हातचं गेलं होतं.

दारात चंद्रा उभी होती. तिने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला. मग कमरेवर हात ठेवले.

"गारी थांबली कशी?"

"नांगर टाकून," नाखवा म्हणाले.

ती जी हसत सुटली, ती ओट्यावर बसली, मग आडवी झाली. मी मान खाली घालून उभा. नाखवांनी घागरभर पाणी अंगावर ओतून घेतलं, मिशा पिळल्या आणि आत बघून बायकोला हाक मारली.

"गो, साखर आन. पोर दिली ह्याला."

मला वाटलं, डोक्याला मार लागला असेल.

"बाबा, ह्याला?" चंद्राने हसता हसता विचारलं.

"ह्यालाच. वादलात मी लय खलाशी बगलेत. होरी फिरली की सुकानू सोरून देवाला हात जोरतात. हा पोऱ्या बोंबलला, पन हात नाय सोरला. त्या भैयाने लोनी लावलं तवा सोरला."

मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

लग्न झालं. बांना मी तेलाबद्दल काही बोललो नाही. ते आल्यागेल्याला सांगायचे, "गारी लय लांब गेली, पन रडली नाय." मोटारसायकल पुढे आईने मागून घेतली आणि वलांडीचा एक खांब म्हणून तिच्यावर बोंबील वाळू लागले. नांगर मात्र नाखवांनी होडीला लावलाच नाही. लेकीची पाठवणी करताना हांडे-कळशांच्या शेजारी तो ठेवला, नव्या दोरासकट. "संसाराला लागंल," एवढंच म्हणाले.

परवाची गोष्ट. चंद्राचं शिलाईचं मशीन कुरकुरत होतं. मी म्हटलं, "थांब, मी बघतो," आणि पान्हा घेऊन बसलो. ती आत गेली, पलंगाखालून नांगर ओढत आणला आणि खिडकीच्या गजात अडकवला.

"अगं," मी म्हटलं, "मशीन कुठे पळून जाणार आहे?"

"मशीन नाय," ती म्हणाली, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधू लागली.